आधी अंगठा, मग तीट

आमच्या वस्तीवर लहान पोराला 'बाळसं धरलंय' असं तोंडानं कुणी म्हणत नाही. म्हटलं की दिष्ट लागते. बायका पोराकडं बघून गालातल्या गालात हसतात, "हं, चांगलं हाय" एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. मीही तसंच करत आले. पण माझ्या बिरूच्या बाबतीत जे झालं ते ह्या न बोललेल्या शब्दापायी झालं, म्हणून आज मी तो शब्द मोठ्यानं बोलणार आहे. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी ऐकावं. ज्यांची मोठी झाली त्यांनी सुनांना सांगावं.

मी शकुंतला. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. सासर न्हावऱ्याच्या शिवारात, धनगरांच्या वस्तीवर. लग्न होऊन आले तेव्हा नव्वद सालाची सुरुवात होती. घरात आम्ही नवराबायको आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणाकडं, पाऊस आला की परत. पुढं मामंजी वारले, मेंढरं विकली, विहिरीला पाणी लागलं, शेतात कांदा आला, दावणीला गाई आल्या. घर एका जागी बसलं. आत्याबाई मात्र कधी एका जागी बसल्या नाहीत. बिरू झाला तेव्हा त्यांना पुन्हा हिंडायला कारण मिळालं. त्याला कडेवर मारून बांधाबांधानं फिरायच्या. "माझं एकुलतं एक कोकरू," म्हणायच्या.

कोकरू कसलं, वानर होतं ते! चुलीतली लाकडं ओढायचं, कोंबड्यांमागं धावायचं. बिरूचा बाप रोज सकाळी दुधाचा कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीला जायचा. एकदा डेअरीत कॅन ओतला तर त्यातून चांदीचा वाळा निघाला. पोरानंच पायातला काढून आत टाकला होता. घुंगरांचा वाळा, आत्याबाईंनी हौसेनं घडवून आणलेला. डेअरीतली माणसं कितीतरी दिवस आमच्या मालकांना चिडवत होती, "आज दुधात काय दागिना?" तो वाळा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पथ्य

बिरू दीड वर्षाचा झाला आणि मला पुन्हा दिवस गेले. आत्याबाई म्हणाल्या, "आता ह्याला अंगावर पाजू नगंस. पोटुशीचं दूध लेकराला बाधतं." माझ्या आईनंही हेच सांगितलं असतं. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. पोरगं रडलं, रुसलं, शेवटी सोडलं. त्या जागी आला चहा. चहात बिस्किट बुडवून दिलं की गप्प बसायचं. गाईच्या दुधानं एकदा त्याला जुलाब झाले होते, तेव्हापासून 'ह्याला दूध पचत न्हाई' असं घरात ठरलं होतं. आणि तसंही दूध कॅनमध्ये जायचं, घरात चहापुरतं राहायचं. सगळ्या वस्तीवर तीच रीत.

त्यातच गोवर आला. आमच्याकडं गोवर आला म्हणजे देवी आली. घरात फोडणी नाही, तळण नाही. अंडं आणि मटण उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बिरूला भाताची पेज आणि साबुदाण्याची लापशी. ताप उतरला, अंगावरचे डाग गेले. पण पथ्य काही गेलं नाही. पोराचं पोट बिघडायचं, भूक मेली होती, आणि आत्याबाई म्हणायच्या, "आजून देवीचा राग हाय. चार दिस दमानं घेऊ." चार दिवसांचे महिने झाले. डाळसुद्धा 'जड' म्हणून बंद. वरचं पाणी तेवढं भातावर.

आणि आत्याबाईंनी स्वतःही अंडं-मटण सोडलं. ज्या बाईला रस्सा दिसला की डोळ्यांत चमक यायची, ती जत्रेच्या जेवणात दह्याशी भाकरी खाऊन उठली. "नातवाच्या तोंडाला न्हाई, तर माझ्या कशाला?" त्यांचा जीव केवढा होता पोरावर, हे कुणी मला सांगायला नको.

वाळा घट्ट झाला

त्याच दिवसांत बिरूचे गाल वर यायला लागले. गोवरात उतरलेलं तोंड गोल झालं, पावलं गुबगुबीत दिसायला लागली. एक दिवस अंघोळ घालता घालता आत्याबाईंनी हाक मारली, "शके, हिकडं ये. वाळा बघ." आधी वाळा पायात गरागरा फिरायचा. आता जागचा हलत नव्हता. आत्याबाई पुढं काही बोलल्या नाहीत, दिष्ट लागेल ना! पण असं हसू मी त्यांच्या तोंडावर लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी त्यांनी पोराच्या गालावर काजळाची तीट लावली ती रुपयाएवढी.

वस्तीवरच्या बायका यायच्या, बघायच्या, "हं, चांगलं हाय," म्हणून जायच्या. बिरूचे केस भुरे झाले, रंग फिका झाला, तर माझी एक चुलत जाऊ म्हणाली, "अगं बया, साहेबाचं पोर दिसतंय!" सगळ्या हसलो. पोटऱ्यांवरची कातडी भिंतीच्या चुन्यासारखी पोपडे धरायला लागली, तिला खोबरेल लावलं. आणि पोरगं शांत झालं. जिथं बसवावं तिथं बसायचं. शेजारून कोंबडी गेली तरी मान वळवायचं नाही. "शानं झालं माझं कोकरू," आत्याबाई म्हणायच्या. पोटात दुसरं, शेणघाणीचं काम, कांद्याची खुरपणी. मलाही तेवढीच उसंत मिळाली म्हणून बरं वाटायचं.

डॉक्टरबाईंचा अंगठा

सातव्या महिन्यात चार दिवस माहेरी राहून यावं म्हणून मी बिरूला घेऊन दौंडला गेले. दुसऱ्या दिवशी आई त्याला अंघोळ घालत होती. वाळ्याखाली मळ साचला असेल म्हणून तिनं वाळा वर सरकवायला पाहिला. सरकेना. साबण लावून सरकवला, तर खाली खोल घळ पडलेली आणि कातडी ओली झालेली. आई थांबली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"शकू, एवढं लागलंय त्याला. मग हा रडत का नाही?"

ओल्या अंगानंच त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही दोघी रिक्षानं निघालो.

दौंडला लहान मुलांच्या एक डॉक्टरबाई होत्या. खाली तपासायची खोली आणि वर थोड्या खाटा, असा त्यांचा दवाखाना. मी वाळ्याची जखम दाखवायला लागले, पण बाईंचं लक्ष जखमेकडं नव्हतं. त्यांनी बिरूच्या पावलावर अंगठा ठेवला, दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तिथंच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रोवावं तसा. मी वाट बघत होते, आता भरेल, मग भरेल. भरला नाही.

"ताई, हे बाळसं नाही," बाई म्हणाल्या. "हे पाणी आहे."

तो शब्द असा मोठ्यानं बोललेला ऐकला आणि माझा हात आपोआप पोराच्या गालाकडं गेला, तीट आहे का बघायला. काय म्हणावं माझ्या डोक्याला!

"पाणी कुठनं येईल, बाई? हा तर पाणीसुद्धा मागत नाही."

"खातो काय?"

मी सांगितलं. चहा, बिस्किट, पेज, लापशी. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

"दूध? डाळ? अंडं?"

"गोवराचं पथ्य आहे, बाई."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हा शेवटचा हसला कधी?" मी आठवायला लागले. कांद्याची लावण आठवली, गोवर आठवला, जत्रा आठवली. हसलेला बिरू कुठं सापडेना. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडायला लागले.

मग बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. इंग्रजी नाव मोठं होतं, ते मला तेव्हाही आलं नाही आणि आताही येत नाही. मराठीत त्या कुपोषण म्हणाल्या. तो शब्द मी रेडिओवर ऐकला होता. कुठंतरी लांब, डोंगरातल्या पोरांना होतं ते, असं आमचं पक्कं होतं. हाडांचा सापळा झालेल्या पोरांना. संध्याकाळी निरोप मिळाल्यावर मालक आणि आत्याबाई एसटीनं आले, तेव्हा मालक डॉक्टरबाईंना म्हणालेसुद्धा, "बाई, आमच्या दारात दुभत्या गाई हायत. आमच्या पोराला कुपोषण कसं व्हईल?"

"गाई दारात आहेत," बाई म्हणाल्या. "दूध पोटात गेलं का?"

बाईंनी मग सगळं नीट समजावलं. शरीर बांधणारं अन्नच न मिळाल्यामुळं अंगात पाणी साठलंय. पोराच्यात थंडी सोसायची ताकद नाही, साध्या जुलाबाची ताकद नाही. इथं राहिला तर बरा होईल. मध्येच उठवून नेला तर हाती लागणार नाही. हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडं बघून बोलल्या. ते मी पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं.

तेलाचं दूध

दवाखान्यातलं आमचं सगळं जगणं एका छोट्या वाटीभोवती फिरायचं. थोडं थोडं, पण सारखं पाजायचं. दूध, त्यात साखर आणि चक्क तेल. सुरुवातीला तर नाकातून नळी घातली होती. आत्याबाईंनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "नाकातनं कुणी जेवतं व्हय? आन् दुधात त्याल? आगं, ह्यांच्यात दुधाला बी फोडणी घालत्यात का काय!" सिस्टरला हसू आवरेना. मला मात्र हसायची भीती वाटायची. आत्याबाईंच्या लेखी देवीचं पथ्य त्या वाटीत रोज मोडत होतं, आणि त्या तरीही गप्प बसत होत्या, हेच खूप होतं.

बिरूला उबेत ठेवायचं होतं. माझं पोट एवढं पुढं आलेलं, त्यात त्याला कुशीत घ्यायचं. आतलं बाळ लाथ मारायचं ती थेट बिरूच्या पाठीला बसायची. पूर्वीचा बिरू असता तर त्यानं उलट लाथ मारली असती. हा नुसता पडून राहायचा. कधी कधी मी त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायचे. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पोरगं मांडीवर असून हातातून चाललंय असं वाटायचं.

रोज सकाळी त्याला काट्यावर ठेवत. आणि रोज वजन उतरायचं. डॉक्टरबाई काटा बघायच्या आणि म्हणायच्या, "छान!"

"पाणी उतरतंय," त्या समजावायच्या. "ते गेल्याशिवाय खरं वजन चढणार नाही."

आत्याबाईंच्या हे पचनी पडेना. बाई खाली गेल्या की माझ्यावर डाफरायच्या. "हिकडं लेकरू वाळत चाललंय आन् ही बया छान म्हणती! डोळं फुटल्यात का तिचं?" मी म्हणायचे, "आत्याबाई, हळू बोला." पण खरं सांगते, आतून मीही डळमळले होते. गाल गेले. पावलं गेली. बिरूच्या तोंडावर म्हाताऱ्यासारखा भाव आला. त्याची छाती बघवत नव्हती.

जीप

एका सकाळी मी बिरूचे कपडे बदलत होते. पाय उचलला आणि वाळा घरंगळून फरशीवर पडला. छम्म असा आवाज झाला. आत्याबाई खाटेपाशी बसल्या होत्या. त्यांनी वाळा उचलला, पदरानं पुसला, कनवटीला खोचला आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या असतील. त्या फोनच्या दुकानात गेल्या होत्या.

दुपारच्या आत मालक जीप घेऊन दारात हजर. गावातल्याच एकाची जीप. आत्याबाई भांड्यांची पिशवी भरायला लागल्या.

"आणलं तवा कसं हुतं, आन् आता बघ," त्या म्हणाल्या. "भरल्या गालाचं लेकरू आणलं आन् त्याचा पार चिपाड केला हितं. घरला नेऊ. देवीला नारळ फोडू. जे व्हायचं ते आपल्या दारात व्हईल."

मालक दारातच उभे होते, चपला न काढता. "शके, आईचं बी खोटं न्हाई. समोर दिसतंय की."

मी बिरूला छातीशी धरून भिंतीला टेकले. डॉक्टरबाई नेमक्या कुठं बाहेर गेल्या होत्या. त्यांचं वाक्य डोक्यात घुमत होतं. हाती लागणार नाही. एवढ्या दिवसांत मी आत्याबाईंना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशीही उलट बोलले नाही. विचारलं.

"आत्याबाई, बाजारात मेंढरू घेताना तुम्ही काय बघता?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा तरी."

"पाठ बघती. लोकरीवर कोन भुलतंय? हात दाबून पाठीचं हाड बघायचं."

"आणि तुम्हीच सांगायचा तसं त्याच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं असलं तर? तोंड भरल्यासारखं दिसतंय, गळ्याखाली पिशवी लोंबतीय. घ्याल?"

"फुकट दिलं तरी न्हाई. त्ये आतनं संपल्यालं आसतंय."

"आणि औषध पाजून ते पाणी उतरवलं, की कसं दिसतं मेंढरू?"

आत्याबाईंनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"वाळल्यालं," त्या म्हणाल्या. "पर मग चरायला लागतंय."

त्या खाटेपाशी आल्या. बिरूच्या सदऱ्याखाली हात घातला आणि त्याच्या पाठीवरून वरून खाली बोटं फिरवली, एकेक मणका चाचपत. असा हात गोठ्यात वासरांवर फिरवताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. माझ्या पोरावर फिरवताना पहिल्यांदा पाहिलं.

"पाठ बघितलीच न्हाई गं मी ह्याची," त्या म्हणाल्या. "गालच बघत बसले." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आत्याबाई हुंदके देऊन रडल्या. मीही रडले. मधे बिरू, त्याच्याखाली पोटातलं बाळ, असे आम्ही सगळे एका खाटेवर.

थोड्या वेळानं नाक पुसून त्या लेकाकडं वळल्या. "हुबा काय ऱ्हायलास? जीप लावून दे माघारी. आन् उद्या येताना माझं लुगडं आन. लेकरू चरायला लागंस्तोवर मी हितंच ऱ्हाते."

मालकांनी चपला काढल्या, आत आले, आणि बिरूच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

रडायला लागला

त्यानंतर काटा दोनेक दिवस एकाच जागी थांबला आणि मग चढायला लागला. पण आमच्यासाठी खरी बातमी वेगळीच होती. एका दुपारी आत्याबाई बिरूला वाटीनं पाजत होत्या. वाटी संपली, त्यांनी ती बाजूला ठेवली, आणि बिरूनं तोंड वाकडं केलं. मग त्यानं असा भोंगा पसरला की शेजारच्या खाटेवरचं पोरगंही जागं झालं. हात वाटीकडं, पाय खाटेवर आपटतोय, नाकातून शेंबूड! आत्याबाई तशाच उठल्या आणि जिन्यावरून ओरडत खाली पळाल्या, "बाई! ओ बाई! रडतंय! माझं लेकरू रडतंय!" खालचे सगळे पेशंट घाबरले. डॉक्टरबाई हातातलं काम टाकून वर धावत आल्या, आणि रडणाऱ्या पोराकडं बघून आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत होतो.

पुढं बाईंनी उकडलेलं अंडं सुरू करायला सांगितलं. आत्याबाईंनी ते सोललं खरं, पण लगेच भरवलं नाही. देवीचं पथ्य अजून त्यांच्या मनात होतंच. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि बलकाचा तुकडा बिरूच्या तोंडात दिला. त्यानं खाल्ला. मग ताटलीतला दुसरा तुकडा उचलला आणि सरळ आत्याबाईंच्या तोंडात कोंबला. त्या दचकल्या. माझ्याकडं बघितलं. थुंकावा की गिळावा?

"देवीला मी सांगीन," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या, "नातवानं भरवलं म्हनून."

त्यांच्या ओठांना सगळा पिवळा बलक लागला होता. बिरूनं ते बघितलं आणि हसला. ओठ थोडेसे हलले, मग डोळे हसले, मग खुदकन आवाज आला. डॉक्टरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आज हसला, बाई. आत्ता हसला.

घरी आल्यावर

घरी आल्यावर पहिला नियम आत्याबाईंनीच घातला. सकाळी धार काढली की कॅन भरायच्या आधी बिरूची वाटी. मालक घाईत असले तरी त्या कॅनच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहायच्या. डाळीचं नुसतं पाणी द्यायचं बंद झालं, खालची घट्ट डाळ भातात कालवायची. शेंगदाण्याचा कूट, अंडं, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. महाग काहीच नव्हतं, सगळं घरात होतंच. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं आणि ह्याचाच धीरही वाटतो. तुमच्याही घरात असेल ते. घास पोराच्या तोंडात जातोय का, एवढं बघा. आजारपणाचं पथ्य धरलं असेल तर ते सोडायचं कधी, हे डॉक्टरांना विचारा. आणि धावणारं पोर एकदम शहाणं, गप्प झालं तर खूश होऊ नका. दवाखाना गाठा.

बिरू घरी आल्यावर महिनाभरातच माझी जनी झाली. तिला अंगावर पाजता पाजता ती अशी भरली की वस्तीवरच्या बायका पुन्हा यायला लागल्या, "हं, चांगलं हाय," म्हणायला लागल्या. मी मात्र जनी रडतेय ना, हसतेय ना, हेच बघत राहायचे. एक दिवस अंघोळ झाल्यावर मी काजळाची डबी उघडली, तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "थांब." त्यांनी जनीच्या पावलावर अंगठा ठेवला. दाबला. उचलला. आम्ही दोघी बघत राहिलो. पाऊल लगेच भरून आलं. "आता लाव तीट," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरात हीच रीत पडली. आधी अंगठा, मग तीट. बघता बघता वस्तीवरही गेली. बायका पोरं घेऊन यायच्या, "आत्याबाई, अंगठा ठिवा की." एकदा मांडवगणला दिलेली वस्तीवरची एक लेक माहेरपणाला आली होती, तिच्या गुबगुबीत पोराच्या पायावर खड्डा राहिला. आत्याबाईंनी तिला जेवूही दिलं नाही. तिच्यासोबत स्वतः एसटीत बसून दौंड गाठलं. वाटेत ती पोरगी रडायला लागली तर म्हणाल्या, "रडू नगंस. आधी वाळंल, मग चरंल. माझंबी चरलं." ते पोरही वाचलं.

बिरू मात्र चांगलाच सोकावला. शाळेतून आला की आत्याबाईंच्या मांडीवर धुळीचा पाय ठेवायचा, "आज्जे, दाब." त्या दाबायच्या, बघायच्या, आणि मग पायावर चापट मारायच्या. तो मोठा झाला, मिसरूड फुटलं, तरी ही थट्टा काही सुटली नाही.

परवा त्याला दौंडला आयटीआयला जायचं होतं. आम्ही सगळे न्हावऱ्याच्या स्टँडवर सोडायला आलो. आत्याबाईंना आता मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही, तरी काठी टेकत आल्या. एसटी लागली. बापापेक्षा डोकंभर उंच असा माझा बिरू बॅग खाली ठेवून बाकावर बसला, नवाकोरा बूट काढला, मोजा काढला आणि पाय आज्जीच्या मांडीवर ठेवला. लोक बघत होते.

"आज्जे, दाब. गाडी सुटंल."

आत्याबाईंनी अंगठा ठेवला. दाबून धरला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग उचलला. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्याच जागेवरून बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं. मग कनवटीची काजळाची डबी काढली आणि त्या दाढी आलेल्या गालावर चाचपत चाचपत तीट लावली. बिरूनं ती पुसली नाही. तशीच घेऊन एसटीत चढला आणि खिडकीतून हात हलवला.

गाडी हलली. आत्याबाई काठीवर जोर देऊन उठल्या आणि आयुष्यात जे कधी बोलल्या नव्हत्या ते साऱ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या.

"बाळसं धरलंय गं माझ्या कोकरानं!"